द्विजांचा पहिला जन्म



मराठीच्या प्राध्यापकाने सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मला या विषयाकडे एका शब्दाने नेले. संस्कृतात 'द्विज' म्हणजे केवळ ब्राह्मण नव्हे. पक्षी, साप असे अंडज प्राणीही द्विजच. पहिला जन्म अंड्याचा, दुसरा कवच फोडून. या दोन जन्मांमधले रहस्य मात्र विज्ञानाला फार उशिरा उमगले.

मद्रासच्या मगर-संवर्धन केंद्रातील अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. मगरीची अंडी २८ ते ३१ अंश सेल्सियसला उबविली, तर साऱ्या माद्या निपजतात, ३२.५ अंशांवर सारे नर. उष्णतेचा हा संदेश गर्भात संप्रेरकांच्या द्वारे अमलात येतो. म्हणून संप्रेरकाची नक्कल करणारे रसायन अंड्यात शिरले, की संदेशच बिघडतो.

असे घडल्याचा पुरावा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मिळाला. १९८० साली टॉवर केमिकल कंपनीच्या आवारातून डायकोफॉल व डीडीटी अपोप्का सरोवरात गेले. भोवतालच्या शेतांतील कीटकनाशकांची त्यात भर होतीच. पुढील काही वर्षांत तेथील अ‍ॅलिगेटरांची पिले झपाट्याने घटली. लुई गिलेट व सहकाऱ्यांनी १९९४ साली निष्कर्ष मांडले: सहा महिन्यांच्या माद्यांत स्त्री-संप्रेरक जवळजवळ दुप्पट, तर नरांत पुरुष-संप्रेरक निरोगी सरोवरातील नरांच्या एक तृतीयांशाहूनही कमी. जननेंद्रियांची वाढही विकृत. १९९५ साली डीडीटीपासून उरणारे डीडीई पुरुष-संप्रेरकाचे कार्य रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले. तत्पूर्वी १९९१ साली थिओ कोलबर्न यांच्या पुढाकाराने विंगस्प्रेड येथे भरलेल्या परिषदेने या संकटाला नाव दिलेच होते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. चंबळ आपल्या महूजवळच्या जानापावला उगम पावते. इंदूरची खान नदी क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळेला. त्याच चंबळेच्या खालच्या प्रवाहात सुसरींचे अभयारण्य आहे. २००७-०८ च्या हिवाळ्यात तेथे शंभराहून अधिक सुसरी मेल्या. मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांच्या सांध्यांत युरिक आम्ल साचले होते. हा प्रकार अपोप्काहून वेगळा. दोहोंची गल्लत करू नये. परंतु त्या प्रेतांनी देशाचे लक्ष वेधले, कारण प्रेते मोजता येतात. अपोप्काची जी पिले जगली, त्यांची हानी मात्र कोणत्याही मृत्युनोंदीत चढली नसती.

इतिहासलेखकाला येथे सावध व्हावे लागते. आपली बखर असो वा दप्तर, ते मेलेल्यांची गणती ठेवते. जे जन्मालाच अपुरे आले, त्यांचा रकाना नसतो. परदेशीपुरा ही गिरणी-कामगारांची वस्ती. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि किती हात रिकामे झाले, याचा हिशेब झाला. गिरण्यांच्या भरभराटीत नाल्यांतून काय वाहिले, याचा हिशेब कोणी मागितला?

या शाळेच्या प्रयोगशाळेतील मुलांनी खानचे पाणी वर्षानुवर्षे तपासून वही भरावी, अशी माझी विनंती आहे. पिढ्यांचे नुकसान एका दिवसात दिसत नाही. ते पाहायला पिढ्यांची वहीच लागते.