कमी ताकदीचं काडतूस

मी राहतो कात्रजला आणि माझ्या पीएचडीचा विषय आहे खडकीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ‘विषय काय?’ असं कुणी विचारलं की मी सांगतो, ‘पोलिसांची जुनी काडतुसं’. पुढचा प्रश्न बहुधा येत नाही. म्हणून आज तुम्हाला जरा नीट सांगतो.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. थ्री-नॉट-थ्री रायफलची काडतुसं इथं वर्षानुवर्षं बनली. पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं दिसली की समजायचं, माल खडकीचा.

आता कल्पना करा, तुमच्यापुढे अशी दोन काडतुसं ठेवली आहेत. पहिलं थ्री-नॉट-थ्रीचं. पितळी पुंगळी वर बाटलीच्या मानेसारखी निमुळती, त्यात सुमारे ११ ग्रॅमची टोकदार गोळी. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला साधारण ७४० मीटर. दुसऱ्याची पुंगळी त्याच घडणीची, पण मान न काढलेली, सरळ नळकांडं. आत गोल शिसं नाहीतर छर्रे. वेग कमी, पल्लाही कमी. हे .४१० मस्केटचं काडतूस.

ते ज्या बंदुकीत जायचं ती मूळची थ्री-नॉट-थ्रीच. इशापूरच्या कारखान्यात तिच्या नळीतले पिळदार चर घालवून ती आतून गुळगुळीत करायचे. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवायचे. म्हणजे एका वेळी एकच गोळी. ही बंदूक पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना मिळायची. आणि तिचं सरळ काडतूस सैन्याच्या रायफलीत बसायचंच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? गर्दीत लांब पल्ल्याची गोळी धोक्याची, हे कारण खरंच आहे. पण थोडं मागे जाऊ. १८५७ नंतर हिंदी शिपायांच्या हाती गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. पुढे गोऱ्या पलटणींना नवी रायफल मिळाली की जुनी हिंदी पलटणींकडे यायची. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाच्या हातातलं हत्यारही परवान्याखाली आणलं. माझ्या मते .४१० ही याच साखळीतली कडी आहे. कुणावर किती विश्वास ठेवायचा, हे सरकारनं पितळात आणि शिशात ओतून ठेवलं होतं.

परदेशातले हौशी नेमबाजही मुद्दाम कमी दारूची काडतुसं भरतात, पण ती जुन्या रायफलीचा जीव सांभाळायला. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. आणि या हौशी मंडळींचंही घोडं एका जागी अडतं, ते म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक रायफल.

थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट माणूस हातानं ओढतो, त्यामुळे काडतूस कमजोर असलं तरी बंदुकीचं काम चालतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते काम काडतुसाचंच. १९६० च्या दशकात आपल्याकडे आलेली एसएलआर घ्या. नळीतला थोडा वायू पिस्टनला ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस आत येतं. दाब कमी पडला की सगळं अडकतं. वायू कमी-जास्त करायची सोय असते, पण तिलाही मर्यादा आहे. दारू फारच कमी झाली तर गोळी नळीतच रुतते, आणि मागून दुसरी सुटली तर नळी फुटू शकते.

म्हणून सेमी-ऑटोमॅटिक आल्यावर ‘हत्यार द्यायचं, पण दात काढून’ हा जुना उपाय तितकासा सोपा राहिला नाही.

प्रश्न मात्र संपला नाही. २०१७ मध्ये काश्मीरमधल्या सीआरपीएफसाठी एके रायफलीत भरता येतील अशा सुमारे २१ हजार प्लास्टिक गोळ्या पाठवल्या गेल्या. त्या बनल्या होत्या पुण्याच्याच आयुध कारखान्यात. रायफल तीच, गोळी कमी घातक.

गर्दीसमोर उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात किती ताकद असावी? .४१० च्या वेळी हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आता ठरवणारं सरकार आपण निवडून देतो. मग हा प्रश्न आपण कधी विचारला का? कात्रजला परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात हेच चालू असतं.