ब्राह्मी आणि मंडूकपर्णी : एका नामनिश्चितीचा इतिहास

परभणी जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्या वाहतात. नदीकाठची ओल, कालव्यांच्या कडा आणि तळ्यांभोवतीची दलदल ह्यांत वाढणाऱ्या औषधींमध्ये आयुर्वेदाने ज्या वनस्पतीस विशेष मान दिला, ती ब्राह्मी होय. परंतु ब्राह्मी मागितली असता कोणती वनस्पती हाती येईल, हे प्रांतोप्रांती निराळे आहे. केरळात व बंगालात ह्या नावाने मांसल पानांची पाणवनस्पती ओळखली जाते. महाराष्ट्रात तिला नीरब्राह्मी अथवा जलब्राह्मी म्हणतात आणि नुसते ‘ब्राह्मी’ हे नाव बहुधा वाटोळ्या पानांच्या मंडूकपर्णीस लावतात. एका नावाखाली दोन औषधे चालू राहिली असता वैद्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही आणि रोग्यास योजलेले द्रव्य मिळेल ह्याचीही शाश्वती उरत नाही.

ह्या घोटाळ्याचे मूळ प्राचीन संहितांत नाही. चरकाने मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आणि अपस्मारावर ब्राह्मीच्या रसाचे घृत सांगितले. सुश्रुतानेही ह्या दोहोंचे प्रयोग वेगवेगळे दिले. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र दोन्ही नावे शेजारी आली आणि ब्राह्मीचेच गुण मंडूकपर्णीसही लागू केले गेले. निघंटूंची पद्धती पर्यायनामे व गुणधर्म सांगण्याची होती. वनस्पतीची ओळख गुरूने शिष्यास प्रत्यक्ष पटवून द्यावयाची असे. ती परंपरा जेथे खंडित झाली, तेथे समान गुणांच्या आधारे एक वनस्पती दुसरीच्या जागी येणे स्वाभाविक होते.

आकृतीवरून निश्चिती करण्याचा मार्ग पुढे वनस्पतिशास्त्राने दाखविला. मलबारातील डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड ह्याच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ ह्या सतराव्या शतकातील ग्रंथात दोन्ही वनस्पतींची निरनिराळी चित्रे आहेत. लिनियसने 1753 मध्ये मंडूकपर्णीस आणि 1756 मध्ये नीरब्राह्मीस शास्त्रीय नाव दिले. आज त्या अनुक्रमे सेंटेला एशियाटिका व बॅकोपा मॉन्निएरी ह्या नावांनी ओळखल्या जातात. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नोंद कुक ह्याने 1901 ते 1908 ह्या काळात प्रसिद्ध केली. तथापि परभणी त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिली. संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ डॉ. वि. ना. नाईक ह्यांच्या हातून 1998 मध्ये सिद्ध झाला.

ताज्या अवस्थेत दोहोंतील भेद सहज ध्यानात येतो. नीरब्राह्मीची पाने लहान, देठरहित, जाड व समोरासमोर असतात. फुले एकेकटी, पांढरी वा फिकट निळसर असतात. मंडूकपर्णीची पाने लांब देठाची व वृक्काकार असून फुले बारीक आणि गुच्छात येतात. अडचण उद्भवते ती वाळलेल्या चुऱ्याच्या बाबतीत. तेथे सूक्ष्मदर्शकाचा आधार घ्यावा लागतो. नीरब्राह्मीच्या खोडाच्या आडव्या छेदात मोठ्या हवेच्या पोकळ्या दिसतात. पाण्यात वाढण्याचीच ती खूण होय. मंडूकपर्णीत धन्याच्या कुलात आढळणाऱ्या स्रावनलिका दिसतात.

रसायनशास्त्रानेही हा भेद दृढ केला. मंडूकपर्णीतून 1941 मध्ये एशियाटिकोसाइड वेगळे करण्यात आले. नीरब्राह्मीतील बॅकोसाइडांचे संशोधन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत चतर्जी, रस्तोगी व धर ह्यांनी 1963 च्या सुमारास केले. ‘बॅकोसाइड अ’ हे एकच द्रव्य नसून अनेक सॅपोनिनांचे मिश्रण आहे, असे पुढे निष्पन्न झाले. म्हणून प्रमाणीकरणात केवळ एकूण अंश मोजून भागत नाही. त्याचे घटकही पाहावे लागतात.

शासनानेही ह्या प्रश्नाची दखल घेतली. 1962 मध्ये आयुर्वेदीय औषधिकोशाची समिती नेमली गेली आणि 1964 च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधे 1940 च्या औषध कायद्याखाली आली. औषधिकोशाच्या पहिल्या भागाच्या दुसऱ्या खंडात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा असे ठरविण्यात आले; मंडूकपर्णीस चौथ्या खंडात स्वतंत्र स्थान मिळाले. अशा रीतीने संहितांतील भेद शास्त्रीय परिभाषेत पुन्हा प्रस्थापित झाला.

तरीही नाव ठरले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. नीरब्राह्मी पाण्यातील कॅडमियमसारखे जड धातू आपल्या अंगात साठविते, असे प्रयोगांनी दिसून आले आहे. गावच्या सांडपाण्यावर वाढलेली आणि स्वच्छ प्रवाहाकाठी वाढलेली वनस्पती जातीने एकच असली, तरी औषध म्हणून सारखी नव्हे. ब्राह्मी बहुधा लहान मुलांस व विद्यार्थ्यांस दिली जाते, हे ध्यानी घेता ती कोठून खुडली ह्याची नोंद तिच्या नावाइतकीच आवश्यक ठरते. नद्या व कालव्यांच्या ह्या जिल्ह्यात वनस्पतीच्या परीक्षेबरोबर तिच्या पाण्याचीही परीक्षा झाली, तरच प्रमाणीकरणास पूर्णता येईल.