मालिकेतील फौजी आणि भरतीतील फौजी

सोलापूर - लष्करी जीवनावरील मालिका सुरू झाली की पहिली चर्चा होते ती गणवेशाची. फीत चुकली, सलाम चुकला, केस वाढलेले होते, अशा त्रुटी निवृत्त जवान क्षणात दाखवून देतात. त्यांचा आक्षेप योग्यच असतो. मात्र मालिका पाहून भरतीची वाट धरणाऱ्या ग्रामीण तरुणाच्या दृष्टीने या चुका किरकोळ ठरतात. मालिकेने रंगवलेले नोकरीचे चित्र कितपत खरे आहे, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

दूरदर्शनच्या काळात हे अंतर कमी होते. १९८८ मध्ये चेतन आनंद यांनी 'परमवीर चक्र' ही मालिका शौर्यपदकाच्या मानकऱ्यांवर केली. १९८९ मधील 'फौजी' या मालिकेने शाहरुख खान घराघरात पोहोचला. कमांडो प्रशिक्षणावरील या मालिकेचे दिग्दर्शक राज कपूर हे स्वतः निवृत्त कर्नल होते. पुढे २००६ मध्ये सब टीव्हीवर 'लेफ्ट राइट लेफ्ट' आली. तिच्यातील लष्करी प्रबोधिनी काल्पनिक होती आणि कॅडेटांच्या मैत्री-प्रेमाला तिथे मोठे स्थान मिळाले.

मराठीत हा विषय खऱ्या अर्थाने रुजवला तो झी मराठीवरील 'लागिरं झालं जी' (२०१७ ते २०१९) या मालिकेने. तेजपाल वाघ यांनी लिहिलेल्या या कथेतील अज्या हा सातारा जिल्ह्यातील तरुण. फौजेत जाण्याचा त्याचा ध्यास आणि शीतलीवरील प्रेम हे कथेचे दोन धागे. गावची बोली, घरच्यांची घालमेल आणि फौजीच्या बायकोचा एकटेपणा यांत मालिका खरी वाटली. तेवढाच वेळ भांडणे आणि कटकारस्थाने यांनीही घेतला.

याचे कारण माध्यमाच्या गणितात आहे. रोजच्या मालिकेला आठवड्यातून पाच-सहा भाग द्यावे लागतात आणि प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी घडावे लागते. सैनिकाचे बहुतेक दिवस कवायत, पहारा आणि रजेची प्रतीक्षा यांत जातात. ज्या दिवशी काहीच घडत नाही तो दिवस सैन्यात यशस्वी मानला जातो. मालिकेत तो वाया गेलेला भाग ठरतो.

२०२० मध्ये एका वेब मालिकेवरून वाद झाल्यानंतर लष्करविषयक निर्मितीसाठी ना हरकत प्रमाणपत्र घेतले जावे, अशी सूचना संरक्षण मंत्रालयाने केली. अशा प्रमाणपत्राने सैन्याची बदनामी टळू शकते. प्रेक्षकाला पूर्ण माहिती मिळेल, याची हमी मात्र त्यातून मिळत नाही.

ही माहिती आता अधिक मोलाची झाली आहे. अज्याच्या वेळची भरती दीर्घ सेवेची आणि निवृत्तिवेतनाची होती. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते. पुढे जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना कायम केले जाते. इतरांना सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. २०२३ पासून आधी संगणकावरील लेखी परीक्षा, नंतर १.६ किलोमीटरची धाव असा क्रम झाला आहे.

पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील मुलांना धावण्याची उमेद मालिकेने दिली, तर त्यात गैर काही नाही. पण चार वर्षांनंतर गावी परतलेल्या अग्निवीराची गोष्टही या मुलांना पडद्यावर पाहायला मिळायला हवी.