जवळजवळ बसणारा बोल्ट

उर्दूत स्क्रूला पेच म्हणतात. शब्द फारसी, अर्थ पीळ. मराठीत तो डावपेच, पेचप्रसंग आणि पतंगांचे पेच होऊन राहिला. लोखंडी पेचासाठी मात्र आपल्याकडच्या वर्कशॉपात ‘आटे’ हा शब्द चालतो. ‘आटे गेले’ हे मी कितीदा तरी बोललो असेन. पण ते कसे जातात हे पाहिलं ते मामूंच्या गॅरेजमध्ये, पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात.

मामू मूळचे रत्नागिरीकडचे. १९६८ मध्ये विलायतेला गेले आणि निवृत्त होईपर्यंत फिटरचं काम करत राहिले. गेल्या वर्षी घरातल्या लग्नासाठी मी तिकडे गेलो, तेव्हा त्यांच्या नातवाने नुकताच एक जुना गिटार ॲम्प्लिफायर विकत आणला होता. १९६० च्या दशकातला, व्हॉल्व्हचा, ब्रिटिश बनावटीचा. वाजवताना आतून खडखड यायची. मागची फळी काढली, तर किलो-दोन किलोचा ट्रान्सफॉर्मर हाताने हलत होता. त्याचा एक बोल्ट नुसता गोल फिरत होता, घट्ट काही होत नव्हता. आणि याच बोल्टखाली अर्थिंगची हिरवी-पिवळी तार दाबलेली होती.

मामूंनी आधी प्लग काढला, आतल्या कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवली, मीटरने खात्री केली. (यात तीन-चारशे व्होल्ट प्लग काढल्यावरही राहू शकतात.) मग बोल्ट काढून आट्यांच्या गेजवर धरला. “हा मूळचा नाही,” ते म्हणाले. “कुणीतरी पाच मिलिमीटरचा ठोकलाय.”

पोरगा म्हणाला, “पण दादा, तो बसतो की!”

“जवळजवळ बसतो. तोच घोळ आहे.”

या ‘जवळजवळ’च्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. १८४१ पर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांचे बोल्ट गोळा करून, त्यांची सरासरी काढून, ५५ अंशांच्या कोनाचे सर्वांसाठी एकच आटे सुचवले. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे मांडले, कारण ते पाडायला सोपे होते. घड्याळं, तारायंत्रं, मोजमापाची उपकरणं यांच्या बारीक कामासाठी ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये तिसरीच मालिका सुचवली. तिला ‘बीए’ म्हणतात. तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, मूळ कल्पना स्वित्झर्लंडची आणि मापं, गंमत म्हणजे, मिलिमीटरमध्ये. पुढे ब्रिटिश रेडिओ आणि ॲम्प्लिफायर याच बीएवर जोडले गेले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सामान एकत्र वापरायची वेळ आली, तेव्हा या भिन्न आट्यांचा फार त्रास झाला. म्हणून १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एका मालिकेवर सह्या केल्या. बारीक सामानात बीए तरीही टिकून राहिलं. हॅनवेललाच जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास अमेरिकन फेंडर बासमनच्या नमुन्यावर ॲम्प तयार होऊ लागले. सर्किट अमेरिकन, सुटं सामान इंग्लंडात मिळेल ते. १९६५ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने व्हिटवर्थ आणि बीए दोन्ही मोडीत काढायची शिफारस केली आणि मेट्रिककडे वळायला सांगितलं. तीन वर्षांनी मामू कामाला लागले. टूलबॉक्समध्ये पान्यांचे तीन सेट वागवावे लागायचे म्हणे.

आता आकडे पाहा. २ बीए : व्यास ४.७ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर ०.८१. अमेरिकन १०-३२ : व्यास ४.८३, अंतर ०.७९. मेट्रिक एम-५ : व्यास ५, अंतर ०.८. तीन देशांच्या तीन परंपरा आणि फरक केसाएवढा. अगदीच वेगळं माप असतं तर बोल्ट आत शिरलाच नसता. आधीच्या दुरुस्तीवाल्याचा एम-५ दोन फेरे गोडीने गेला असणार, मग अडला असणार, आणि त्याने पान्याला जोर दिला. तिथेच नटचे आटे गेले.

माझ्या शिक्षकी डोक्याला वाटलं, मग आता एम-५ चेच आटे पाडून टाकावेत. मामूंनी मान हलवली. भोक ४.७ पर्यंत खरवडलं गेलेलं, एम-५ चा व्यास ५. म्हणजे चारही बाजूंना फक्त ०.१५ मिलिमीटर नवं लोखंड मिळणार. त्यावर ट्रान्सफॉर्मर टांगायचा? चॅसिसच्या पत्र्यात थेट आटे पाडण्याचाही उपयोग नव्हता. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात दोन आटेसुद्धा पुरे मावत नाहीत. त्यांनी नटच बदलला. पत्र्याच्या डब्यातून २ बीएचा नवा नट-बोल्ट काढला आणि खाली दातेरी वायसर घातला. लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून खाली ग्रीस लावलेला कागद धरला होता.

खरा वेळ गेला अर्थिंगच्या तारेवर. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर ती पुन्हा लावायला मामू तयार नव्हते. ट्रान्सफॉर्मर थरथरतो, बोल्ट सैलावतो. आणि तार सुटलेली असताना आत काही बिघडलं तर पूर्ण चॅसिसमध्ये वीज येऊ शकते. वाजवणाऱ्याची बोटं गिटारच्या लोखंडी तारांवर असतात, आणि त्या तारा केबलमधून त्याच चॅसिसला जोडलेल्या. ३ मे १९७२ रोजी स्वान्सीमध्ये लेस हार्वे हा गिटारवादक स्टेजवर माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. दोष तिथे माइकच्या अर्थिंगचा होता. मामूंना ही बातमी आठवत होती; त्यांनी ती नातवाला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

अर्थिंगसाठी त्यांनी वेगळा बोल्ट दिला, त्याच्याभोवतीचा रंग खरवडून लख्ख लोखंड काढलं, मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत सोडलं नाही. शेवटी मागच्या फळीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं : ‘२ बीए. एम-५ लावू नका.’

“इंग्रजीत लिहा दादा, पुढच्याला कळायला हवं,” नातू म्हणाला.

मामूंनी खाली इंग्रजीतही लिहिलं. वरची मराठी ओळ मात्र पुसली नाही.