दोन नवी वर्षं आणि एक रडणारी नवरी

दर जानेवारीत माझ्या इनबॉक्समध्ये एक गंमत होते. आमच्या प्रोजेक्टवर सेंट पीटर्सबर्गचा एक सहकारी आहे. १ जानेवारीला तो नववर्षाच्या शुभेच्छा पाठवतो आणि मग आठवडाभर गायब होतो. ७ तारखेला त्यांचा ख्रिसमस. आणि १४ जानेवारीला, मी इथे तिळगूळ खात बसलेलो असताना, त्याची पुन्हा मेल येते: 'जुन्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा!' पहिल्या वर्षी मला वाटलं, मेल कुठल्यातरी सर्व्हरवर दोन आठवडे अडकून पडली असणार. :-)

पण तसं नव्हतं. रशियात १९१८ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं आणि ते बाकीच्या युरोपच्या तेरा दिवस मागे होतं. क्रांतीनंतर नव्या सरकारने एका फटक्यात हिशोब जुळवला. त्या वर्षी ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी उजाडली. ऑर्थोडॉक्स चर्च मात्र जुन्याच कॅलेंडरवर राहिलं. म्हणून त्यांचा २५ डिसेंबर आता ७ जानेवारीला येतो, आणि जुना १ जानेवारी १४ तारखेला. सरकारने तारीख बदलली, लोकांनी जुनी तारीखही ठेवून घेतली. एकाऐवजी दोन पार्ट्या, कोण सोडेल?

तर हा तेरा दिवसांचा घोळ समजून घेता घेता मी भलतीकडेच पोचलो. रशियन खेड्यातल्या लग्नात. कारण तिथे सणांचं कॅलेंडर आणि लग्न या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

म्हणजे बघा. चर्चचे वर्षात चार मोठे उपास. त्या काळात लग्न लागत नसे (आपल्या चातुर्मासासारखंच). उन्हाळ्यात शेतीची कामं, तेव्हा कुणाला फुरसत नाही. मग उरतं काय? एक हंगाम शरद ऋतूतला. पीक घरात आलं, जुन्या १ ऑक्टोबरचा (आताच्या १४ ऑक्टोबरचा) पक्रोव हा सण झाला की लग्नं सुरू, ती नोव्हेंबरात नाताळापूर्वीचा उपास लागेपर्यंत. दुसरा हंगाम हिवाळ्यातला, बाप्तिस्म्याच्या सणापासून ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासापर्यंत.

सणांचा क्रमही याच्याशी जुळलेला. नाताळ ते बाप्तिस्म्याचा सण हे बारा दिवस म्हणजे 'स्व्यात्की'. या दिवसांत लग्न नाही, पण लग्नाचाच विचार. मुली रात्री भविष्य बघायच्या. पायातला जाड लोकरी बूट फाटकावरून बाहेर फेकायचा. त्याचं टोक ज्या दिशेला, तिकडचा नवरा. टोक स्वतःच्याच घराकडे वळलं तर यंदा लग्न नाही. धीट मुली मेणबत्ती आणि आरसा घेऊन 'बान्या'त, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात जाऊन बसायच्या, आरशात होणारा नवरा दिसतो म्हणून. पुश्किनची तात्याना आठवते का? 'येवगेनी अनेगिन'च्या पाचव्या प्रकरणात ती हेच उद्योग करते.

त्यानंतर लग्नांची धांदल, आणि हंगामाच्या शेवटी 'मास्लेनित्सा'. मोठा उपास लागण्याआधीचा आठवडा. मांस बंद झालेलं असतं, पण लोणी, दूध, अंडी चालतात, म्हणून आठवडाभर 'ब्लिनी' म्हणजे पातळ धिरडी. घसरगाड्या, आरडाओरडा आणि शेवटी गवताचं बुजगावणं जाळून हिवाळ्याला निरोप. हे आपल्याला टीव्हीवर दिसतं. पण खेड्यात या आठवड्याचे खरे मानकरी असायचे त्या हंगामात लग्न झालेली जोडपी. त्यांना सगळ्यांसमोर उतारावरून घसरवायचं, गावाला दाखवायचं. बुधवारी जावयाने सासूकडे धिरडी खायला जायचं. जावयाचे लाड हा आंतरराष्ट्रीय विषय दिसतो.

असो. हे सगळं फार गोड वाटतं. मलाही वाटलं. मग मी लग्नाच्या आधीच्या दिवसांबद्दल वाचलं आणि जरा थबकलो.

दोन्हीकडच्या वडिलांचं ठरलं की ते हातावर हात मारायचे. या विधीचं नावच 'रुकोबित्ये', शब्दशः हात मारणं. बाजारात घोड्याचा सौदा ठरला की मारतात तसंच. वर एक पेला. सौदा पक्का. आणि त्या क्षणापासून नवरीने रडायला सुरुवात करायची.

रडायचं म्हणजे मुसमुसायचं नाही. मोठ्याने, सुरात, शब्द जुळवत विलाप करायचा. विशेषतः उत्तर रशियात हे सक्तीचंच होतं. वडिलांपुढे, आईपुढे, भावापुढे, मैत्रिणींपुढे, प्रत्येकासाठी वेगळा विलाप. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी 'देविच्निक', मैत्रिणींचा मेळावा. तेव्हा शेवटचं कुमारिकेचं न्हाण. मग वेणी सोडायची. कुमारिकेची एक वेणी, बायकोच्या दोन, आणि त्या दोन कायमच्या शिरोवस्त्राखाली झाकलेल्या. केसातली रिबीन ही तिच्या मोकळेपणाची खूण. ती बहिणीला किंवा मैत्रिणीला देऊन टाकायची. अभ्यासक या उत्तरेकडच्या प्रकाराला 'लग्न-अंत्ययात्रा' म्हणतात, कारण विलापाचा सूर आणि शब्द प्रेतावरच्या विलापासारखेच. आणि जी नवरी रडणार नाही ती पुढे संसारात रडेल, असा समज.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमचीही झाली असेल. काय हा जाच! मुलीला विकल्यासारखं द्यायचं आणि वर सांगायचं, आता नीट सुरात रड.

पण विलापात ती काय म्हणायची हे पाहिलं की चित्र थोडं बदलतं. ती बापाला विचारायची, मी तुला एवढी जड झाले होते का? मला परक्यांच्या हाती का दिलंस? भावाला म्हणायची, दार अडव. सासरच्यांना तोंडावर परके, निष्ठुर म्हणायची. एरवी त्या घरात बापासमोर हे बोलण्याची तिची टाप नव्हती. या काही दिवसांत मात्र ती बोलली तर उद्धट नाही, उलट न बोलली तर अपशकुन. तारीख चर्चने ठरवलेली, नवरा बापाने, आणि भूदास असेल तर मालकाचीही परवानगी हवी. मुलगी दुसऱ्या मालकाच्या गावी जाणार असेल तर तिच्या बदल्यात पैसे भरावे लागत. या सगळ्यात तिच्या हातात होतं फक्त रडणं.

या रडण्यातही तज्ज्ञ असायच्या. अनियेगा सरोवराकाठच्या इरीना फेदोसोवा या त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध. शेतकरी घरातल्या, निरक्षर. लग्नांना आणि मयतांना त्यांना मुद्दाम बोलावत. १८६७ मध्ये बारसोव नावाच्या शिक्षकाने त्यांचे विलाप लिहून घ्यायला सुरुवात केली आणि १८७२ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. कवी नेक्रासोवने त्यातली सामग्री आपल्या काव्यात वापरली. १८९६ साली निझ्नी नोवगोरोदच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी विलाप गायले, तेव्हा ऐकणाऱ्यांत तरुण गॉर्की होता. त्याने त्यावर वर्तमानपत्रात लिहिलं, आणि पुढे आपल्या शेवटच्या कादंबरीतही त्यांना आणलं.

आता बंदीची गोष्ट. हे सगळं मोडायचे प्रयत्न काय कमी झाले? १५५१ च्या धर्मसभेने लग्नाच्या वरातीपुढे नाचणाऱ्या सोंगाड्यांवर टीका केली. १६४८ मध्ये झार अलेक्सेईने सोंगाडे आणि त्यांची वाद्यं यांच्यावरच फर्मान काढलं, वाद्यं मोडून जाळा म्हणून. सोव्हिएत काळात धर्माचं लग्न कायद्यातून बाद झालं, १९२० च्या दशकाच्या शेवटी नाताळच्या झाडावर मोहीम निघाली. आणि झालं काय? १९३५ च्या डिसेंबरात तेच झाड 'नववर्षाचं झाड' म्हणून परत आलं, वर बेथलेहेमच्या ताऱ्याऐवजी पाच टोकांचा तारा. इंटरफेस तोच, आतला कोड नवा. १९५९ मध्ये तर लेनिनग्राडमध्ये सरकारनेच पहिला 'विवाह प्रासाद' उघडला, कारण ऑफिसात सही करून लग्न लावणं लोकांना रुचत नव्हतं.

नवऱ्याने नवरी 'सोडवून' आणण्याची प्रथाही टिकली, फक्त गावच्या फाटकाऐवजी अपार्टमेंटच्या जिन्यात. मजल्यामजल्यावर मैत्रिणी अडवतात, कोडी घालतात, पैसे काढतात. पाहुणे 'गोर्को!' म्हणजे 'कडू!' असं ओरडतात आणि जोडप्याने चुंबन घेऊन दारू गोड करायची, हेही टिकलं.

टिकला नाही तो विलाप. विसाव्या शतकात संशोधक उत्तरेकडच्या खेड्यांत गेले तेव्हा म्हाताऱ्या बायका आपल्या लग्नातले विलाप आठवून सांगायच्या, पण त्यांच्या नाती ते करत नव्हत्या. आणि गंमत म्हणजे त्यांना ते सोडायला लावणारं कुठलंही फर्मान नव्हतं. पीटर द ग्रेटने १७०२ मध्ये हुकूम काढला होता की साखरपुडा लग्नाआधी सहा आठवडे व्हावा आणि त्या काळात पसंत नसेल तर माघार घेता यावी. कागदावर उत्तम. खेड्यातल्या मुलीपर्यंत तो हक्क पोचायला आणखी दोनशे वर्षं गेली. १८६१ ला भूदासपण संपलं, मग शाळा आली, शहरातली नोकरी आली, स्वतः ठरवलेला नवरा आला. मला वाटतं, 'नाही' म्हणता यायला लागलं तेव्हा रडण्याचं कामच संपलं. बंदीने प्रथा जात नाहीत. ज्या दुखण्यासाठी त्या होत्या ते दुखणं गेलं की जातात.

यंदा १४ जानेवारीची मेल आली तेव्हा मी मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, माझ्या लग्नात बायको दिवसभर हसत होती. सगळे खूश होते. फक्त वोलोग्दाकडच्या खेड्यातली आजी अधूनमधून तिच्याकडे काळजीने बघत होती. शेवटी तिने नातसुनेला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, 'पोरी, थोडंसं तरी रडून घे.'