वर्ध्याचे सोयाबीन आणि जपानचा नॅटो



आंबवलेले सोयाबीन खा, कोलेस्टेरॉल उतरेल, वजन घटेल, असे निरोप हल्ली मोबाईलवर रोज येतात. नॅटो, टेम्पे ही नावे आमच्या नागऱ्यातही पोहोचली. आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. पण सोयाबीनच्या इतिहासाचे एक पान इथून फार लांब नाही, वर्ध्यात आहे.

१९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. तिथल्या जेवणात त्यांनी शिजवलेले सोयाबीन आणले आणि त्या प्रयोगाविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. पुढच्याच वर्षी बडोद्याहून एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. तेव्हा काळजी होती ती अर्धपोटी माणसाला स्वस्तात प्रथिने कशी मिळतील याची. आज विदर्भात शेतेच्या शेते सोयाबीनची आहेत आणि आपण तोच दाणा वाढलेल्या पोटासाठी शोधतो आहोत!

जपानी लोक उकडलेल्या दाण्यांवर जिवाणू वाढवून चिकट नॅटो करतात. इंडोनेशियात बुरशी वाढवून टेम्पे करतात. आंबवल्याने दाणा पचायला हलका होतो. पण कोलेस्टेरॉलचे श्रेय मुख्यतः सोयाच्या प्रथिनांना दिले गेले, आंबवण्याला नव्हे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोज २५ ग्रॅम सोया प्रथिने हृदयाला हितकर असल्याचे वेष्टनावर छापायला परवानगी दिली. २०१७ मध्ये त्याच खात्याने, पुरावा पुरेसा ठाम नाही म्हणून, ती काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. पुढच्या अभ्यासांत वाईट कोलेस्टेरॉल साधारण ३ ते ४ टक्केच उतरलेले दिसले.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब मांडते. वाईट कोलेस्टेरॉल १५० असेल, तर ते १४५ च्या आसपास येईल. फायदा आहे, पण गोळी बंद करण्याइतका नाही. २५ ग्रॅम प्रथिनांसाठी सुमारे ६५ ग्रॅम कोरडे दाणे लागतात. त्यांतून जवळजवळ ३०० उष्मांक येतात. तेवढी पोळी किंवा भात कमी केला नाही, तर वजन उतरेल कसे? शिवाय मिसो या आंबवलेल्या लगद्यात मीठ भरपूर असते. नॅटोत के जीवनसत्त्व खूप असते; रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांना ते चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरच्या वडीलधाऱ्यांना देऊ नका.

आपल्या घरांत आंबवलेले, चव पालटलेले अन्न जीवहिंसेच्या विचाराने टाळतात. त्यामुळे आपले फार काही हुकते असे मला वाटत नाही. दाणे दिवसा भिजवावेत, पाणी टाकून द्यावे आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवावेत. कच्चे राहिले तर पचनाला जड जातात. मग जिरे, हळद, कोथिंबीर घालून उसळ करावी, तेल बेताने. आणि ती सूर्यास्तापूर्वी, ताजी असतानाच संपवावी.