भाताच्या गंज्यांचा उजेड

भिंतीवरचीं चित्रें हालूं लागलीं कीं मूल विचारतें, "जमीन कां हालली?" आपल्या आज्या शेषानें फणा हालविल्याचें सांगत, जपानांत भूमीखालच्या प्रचंड माशाचें नांव घेत. शास्त्र सांगतें कीं, भूकवचाचे अवाढव्य खंड एकमेकांना रेटीत असतात. सांचलेल्या ताणानें खडक एकदम सरकले म्हणजे भूमि हादरते. परंतु पुढल्या क्षणीं काय करावें, हें या कोणत्याच उत्तरांत येत नाहीं. ही उणीव जपानांतील एका शिक्षकानें ओळखली.

२४ डिसेंबर १८५४ रोजीं दिवस कलतांना की प्रांतांतील हिरो हा गांव भूकंपानें हादरला. पाठोपाठ समुद्र चालून आला. हामागुची गोर्यो या सोया सॉसच्या व्यापाऱ्यानें, अंधारांत सांपडलेल्यांना उंचावरील देवळाची वाट दिसावी म्हणून, शेतांतील भाताच्या पेंढ्याच्या गंज्या पेटविल्या. त्या उजेडानें अनेकांचे प्राण वाचले. लाफकादिओ हर्न यानें १८९७ मध्यें ही हकीकत इंग्रजींत लिहिली. तींत गोर्यो टेकडीवरचा वृद्ध झाला, आणि पेंढ्याऐवजीं त्यानें वर्षाचें पीकच जाळलें. त्यावरून, गोर्योनेंच स्थापिलेल्या शाळेंत शिकलेले नाकाई त्सुनेझो यांनीं मुलांसाठीं धडा रचला. १९३७ ते १९४७ पर्यंत तो पांचवीच्या क्रमिक पुस्तकांत होता.

त्यांत भूकंपाचें कारण दिलेलें नाहीं. जमीन हालते, समुद्र मागें हटतो, वृद्ध आपलें भात पेटवितो, आग विझवावयास गांव धांवत वर येतो, आणि खालीं लाट सर्व गिळते. एवढें ऐकून दहा वर्षांच्या मुलालाहि कळतें कीं, अशा वेळीं उंच जागा गांठावी.

धड्यांत एक वैगुण्य मात्र आहे. त्यांतला धक्का सौम्य आहे. हिरोचा खरा धक्का जबर होता. शिवाय लाटेपूर्वीं समुद्र नेहमींच मागें हटतो असें नाहीं. म्हणून किनाऱ्यावरच्या मुलाला इतकें जोडून सांगावें: धक्का जोराचा वा लांबलेला असेल, तर पाणी पाहात थांबूं नये.

धड्यानें आणखी एक गोष्ट गाळली. आपत्तीनंतर गोर्योनें गांवकऱ्यांनाच मजुरी देऊन, चार वर्षें खपून, सुमारें ५ मीटर उंच व ६०० मीटर लांब बांध घातला. १९४६ च्या भूकंपांत त्यानें गांवाचा बराच भाग राखला. गंजीचा उजेड एका रात्रीपुरता होता. बांध पुढच्या पिढ्यांना पुरला. मुलांना सांगितलेली खरी गोष्ट या दोहोंचें काम करते.